सहा सेंटिमीटर आणि चौतीस मिलिमीटर

1981 च्या हंगामासाठी फॉर्म्युला वनच्या नियमपुस्तिकेत एक साधा दिसणारा नियम आला. कारच्या बगलांना लावलेले, वर-खाली सरकणारे स्कर्ट (पडद्यासारख्या पट्ट्या) यापुढे चालणार नाहीत आणि कारचा तळ जमिनीपासून किमान 6 सेंटिमीटर उंच असला पाहिजे, असा तो नियम होता. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या कारच्या पोटाखाली पट्टी धरता येत नाही, त्यामुळे ही उंची पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या संघांच्या जागेत), कार उभी असताना मोजायची हे ओघानेच आले. ब्रॅबहॅम संघाचा मुख्य रचनाकार गॉर्डन मरे याने नेमके त्यावरच बोट ठेवले.

माझे काम यंत्रभागांच्या तपासणीचे आहे. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास आणि त्याच्या शेजारी टॉलरन्स, म्हणजे चालू शकणारा फरक, लिहिलेला असतो, आणि तपासणाऱ्याच्या हातात गो–नो-गो प्लग गेज असतो. गेजची ‘गो’ बाजू भोकात सहज उतरली आणि ‘नो-गो’ बाजू तोंडाशीच अडली की नग पास होतो. भोक किंचित लंबगोल असेल तर हा गेज ते दाखवत नाही. त्यासाठी वेगळे मोजमाप करावे लागते, आणि ड्रॉइंगवर तशी मागणी नसेल तर ते कोणी करत नाही. रोज हे काम करत असल्यामुळे मोटरस्पोर्टच्या इतिहासातील नियम वाकवण्याचे प्रसंग वाचताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट शोधते: संबंधित अभियंत्याने गेज जे मोजत नाही तिथे काम केले, की त्याने गेजलाच फसवले? माझ्या मते या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे, आणि या खेळाविषयी बोलताना तो फार सहज पुसला जातो.

मरेच्या कारकडे परत वळू. ग्राउंड इफेक्टच्या त्या काळात कारच्या बगलांचा खालचा भाग विमानाच्या उलट्या पंखासारखा घडवलेला असे. त्याखालून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होई आणि कार रस्त्याकडे ओढली जाई. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून बगलांना रस्त्यावर घासत जाणारे स्कर्ट असत. वळणावरचा वेग त्यामुळे प्रचंड वाढला, आणि एखादा स्कर्ट अडकून वर राहिला की पकड क्षणात नाहीशी होत असल्याने धोकाही तितकाच वाढला. म्हणून बंदी आली. मरेचा विचार असा होता की वेगात असताना हवेचा दाब कारला खाली दाबणारच आहे. तो कोणत्याही स्प्रिंगवरच्या कारला थोडाफार दाबतोच. मग हवेलाच कार खाली बसवू द्यावी, आणि एकदा खाली बसलेली कार वळणावर वेग कमी झाल्यावरही लगेच वर येऊ नये अशी योजना करावी. बीटी49सी या कारला त्याने मऊ हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे द्रव आणि वायूवर चालणारे, सस्पेन्शन बसवले. वेग वाढला की हवेच्या दाबाने कार खाली जाई आणि सस्पेन्शनमधील द्रव अगदी बारीक छिद्रातून हळूहळू बाहेर पडे. परतीचा मार्गही तितकाच अरुंद असल्याने तो लवकर परत येत नसे. पूर्ण फेरीभर कार जमिनीलगत राही. शर्यत संपल्यावर चालक शेवटची फेरी सावकाश मारी, द्रव परत येई, आणि पिटमध्ये तपासनीस पट्टी घेऊन येईपर्यंत तळ 6 सेंटिमीटरवर आलेला असे.

चालकाने चालवायचे कोणतेही उंची बदलणारे साधन नियमाला मान्य नव्हते. मरेच्या रचनेत चालक काहीच चालवत नव्हता. जे काही होत होते ते हवा, द्रव आणि एक छिद्र यांच्यात होत होते. 12 एप्रिल 1981 रोजी ब्युनोस आयर्स येथे नेल्सन पिके याने अर्जेंटिनाची शर्यत सहज जिंकली. त्याचा सहकारी एक्तोर रेबाके हा पहिल्या फळीतील चालक मानला जात नसे, पण तोही यांत्रिक बिघाडामुळे बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या क्रमांकावर धावत होता. कारचा वाटा किती मोठा होता, हे मला पिकेच्या विजयापेक्षा रेबाकेच्या त्या दुसऱ्या क्रमांकातून अधिक स्पष्ट दिसते.

पुढे जे झाले ते मात्र खेदजनक आहे. इतर संघांना ही नाजूक योजना साधेना, म्हणून त्यांनी चालकापाशी एक खटका देऊन कार वर-खाली करण्याची सोय केली. नियमात स्पष्टपणे नाकारलेली गोष्ट ती हीच, पण अधिकाऱ्यांनी तिच्याकडे कानाडोळा केला. मग कारला खाली धरून ठेवण्यासाठी सस्पेन्शन इतके कडक करण्यात आले की ते असून नसल्यासारखे झाले, आणि चालकांच्या पाठीचे व मानेचे हाल झाले. मरेची कल्पना सूक्ष्म होती; तिची नक्कल ढोबळ होती आणि तीच सर्वत्र पसरली. त्या वर्षी पिके 50 विरुद्ध 49 अशा एका गुणाच्या फरकाने कार्लोस रॉइटमनच्या पुढे राहून विश्वविजेता झाला. 1983 मध्ये कारचा तळ सपाटच असावा असा नियम आला आणि हा अध्याय संपला.

मरेने याआधी, 1978 मध्ये, पंख्याची कार बनवली होती. लोटस संघाची ग्राउंड इफेक्टवर चालणारी कार, लोटस 79, सर्वांच्या पुढे होती आणि ब्रॅबहॅमकडे अल्फा रोमिओचे 12 सिलिंडरचे सपाट, रुंद इंजिन होते. बगलांखाली हवेसाठी जिथे मोकळी वाट हवी, नेमके तिथेच या इंजिनाचे सिलिंडर हेड येत होते, त्यामुळे लोटसची नक्कल करणे शक्यच नव्हते. मरेने इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवला, इंजिनाखालची जागा स्कर्टनी बंद केली आणि कारच्या मागे गिअरबॉक्सवरून चालणारा एक मोठा पंखा बसवला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढी आणि त्याच वेळी कारच्या पोटाखालचीही हवा उपसून टाकी. अमेरिकेत जिम हॉलने 1970 मध्येच चॅपरल 2जे या कारवर वेगळ्या इंजिनाने चालणारे दोन पंखे लावून हे तत्त्व सिद्ध केले होते, आणि तिच्यावरही बंदी आली होती.

हलणारी वायुगतिकीय साधने 1969 पासून निषिद्ध होती, आणि त्यामागे सबळ कारण होते. त्या वर्षी बार्सिलोनातील मोंजुइक येथे लोटसच्या दोन्ही कारचे उंच पंख मोडून भीषण अपघात झाले होते. मरेचे म्हणणे असे की पंख्याचा मुख्य उपयोग इंजिन थंड ठेवणे हा आहे, आणि मुख्य उपयोग वायुगतिकीय नसेल तर हा नियम त्याला लागू होत नाही. हा शब्दांचा कीस आहे, हे मान्य. परंतु आक्षेप घेणाऱ्यांमध्ये लोटस अग्रभागी होता, आणि लोटसचे स्कर्टही वर-खाली हलतच होते. स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथील 17 जून 1978 च्या शर्यतीआधी दोन्ही ब्रॅबहॅम पात्रता फेरीत भरलेल्या टाक्यांनिशी उतरल्या, म्हणजे त्यांचा खरा वेग कोणाला कळू नये. पिटमध्ये पंख्यावर झाकण ठेवलेले असे. उभ्या कारचे ॲक्सिलरेटर दाबले की ती डोळ्यांदेखत जमिनीकडे बसे, त्यामुळे लपवण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. शर्यतीत एका कारचे तेल रस्त्यावर सांडले आणि इतर चालक त्यावर जपून जाऊ लागले, तेव्हा निकी लाउडा तिथूनही जवळपास त्याच वेगाने गेला आणि 34 सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. ब्रॅबहॅमचे मालक बर्नी एक्लस्टोन हेच संघांच्या संघटनेचे नेते होते; संघटना फुटू नये म्हणून त्यांनी कार मागे घेतली, आणि लवकरच तिच्यावर अधिकृत बंदीही आली. विजय मात्र कायम राहिला.

1982 मध्ये गेज बदलला. या वेळी तो वजनाचा काटा होता. किमान वजन 580 किलो होते, आणि शर्यतीनंतर वजन करण्यापूर्वी थंड ठेवण्याचे द्रव पुन्हा भरण्याची मुभा होती. टर्बो नसलेल्या कॉसवर्थ इंजिनांवर अवलंबून असलेल्या ब्रिटिश संघांपुढे, इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या ताकदीची मोठी अडचण होती. त्यांनी ‘ब्रेक थंड करण्यासाठी’ पाण्याच्या टाक्या बसवल्या, ते पाणी सुरुवातीलाच ओतून टाकले, शर्यत हलक्या कारने पळवली आणि शेवटी टाक्या भरून काट्यावर उभे राहिले. ब्राझीलच्या शर्यतीत पहिला आलेला ब्रॅबहॅमचा पिके आणि दुसरा आलेला केके रॉसबर्ग, दोघेही अपात्र ठरले आणि विजय अलँ प्रॉस्टला मिळाला. निषेध म्हणून बहुतेक ब्रिटिश संघ इटलीतील इमोलाच्या शर्यतीला गेलेच नाहीत आणि तिथे केवळ 14 कार धावल्या. इथे मला मरेची बाजू घेता येत नाही. बीटी49सीमध्ये कार खाली बसते हे भौतिकशास्त्राने अटळ होते. पाण्याच्या टाकीत मात्र ‘ब्रेक’ हा शब्द केवळ नावापुरता होता. दोन वर्षांनी टायरेल संघाच्या टाकीत शर्यतीच्या शेवटी पाण्याबरोबर शिशाचे छर्रेही भरले जात असल्याचे उघड झाले आणि त्या संघाचे 1984 च्या संपूर्ण हंगामाचे निकाल रद्द झाले.

गेजला फसवणे म्हणजे काय याचे सर्वांत शुद्ध उदाहरण रॅलीत घडले. 1995 मध्ये जागतिक रॅली स्पर्धेतील प्रत्येक कारच्या टर्बोच्या तोंडाशी 34 मिलिमीटर व्यासाचा रेस्ट्रिक्टर सक्तीचा होता. टर्बोला मिळणारी सगळी हवा त्या भोकातूनच जावी, म्हणजे सर्वांची ताकद एका मर्यादेत राहील, हा उद्देश होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पेनमधील कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका जीटी-फोरमध्ये जे सापडले ते मी आकृत्यांवरून पुन्हापुन्हा पाहिले आहे. रेस्ट्रिक्टरचे भोक अगदी 34 मिलिमीटरचेच होते. त्यावर कोणताही गेज चालवला असता तरी तो पास झाला असता. पण नळी जोडून तिची पट्टी खास हत्याराने आवळली की आतला भाग कडक स्प्रिंग वॉशरच्या विरुद्ध सुमारे 5 मिलिमीटर सरके आणि टर्बो व रेस्ट्रिक्टर यांच्यात फट पडे. त्या फटीतून मर्यादेबाहेरची हवा आत जाई. तपासनिसाने मोजण्यासाठी पट्टी सैल केली की स्प्रिंग तो भाग जागेवर परत ढकले आणि फट नाहीशी होई. म्हणजे तपासणीची क्रियाच पुरावा पुसून टाकत होती. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीही आपल्या तीस वर्षांच्या अनुभवात इतकी कल्पक युक्ती पाहिली नसल्याचे जाहीरपणे मान्य केले. संघाचे गुण गेले आणि 12 महिन्यांची बंदी आली.

बीटी49सी आणि सेलिका या दोन्ही कार मोजताना एक आणि धावताना दुसरे काही होत्या, मग एकीचे कौतुक आणि दुसरीचा धिक्कार का, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो वजनदार आहे. माझे उत्तर असे आहे. 6 सेंटिमीटरचा नियम उभ्या कारपुरताच मोजता येणार, हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक होते, प्रतिस्पर्ध्यांनाही ठाऊक होते, आणि कार खाली बसते हे प्रेक्षकांनाही दिसत होते. वाद उघड्यावर झाला. 34 मिलिमीटरच्या नियमात अशी कोणतीही संदिग्धता नव्हती, आणि टोयोटाची रचना तपासणाऱ्या माणसाचे हात गृहीत धरूनच घडवलेली होती. अशा यंत्राची कारागिरी उत्तम असू शकते, ती होतीही, पण माझ्या व्यवसायातील माणसाला तिचे कौतुक करणे जड जाते.

अलीकडचे एक उदाहरण या दृष्टीने मला समाधान देते. फेब्रुवारी 2020 मध्ये बार्सिलोनातील चाचण्यांत लुइस हॅमिल्टन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग व्हील स्वतःकडे ओढताना आणि वळणाआधी पुढे ढकलताना दिसला. त्या हालचालीने मर्सिडीझच्या पुढच्या चाकांचा कोन बदलत होता आणि टायरचे तापमान राखायला मदत होत होती. संघाने ही योजना आधीच संघटनेच्या तांत्रिक विभागाला दाखवलेली होती. ऑस्ट्रियातील पहिल्याच शर्यतीच्या वेळी रेड बुलने आक्षेप घेतला; हा स्टिअरिंगचाच भाग आहे असे ठरवून परीक्षकांनी तो फेटाळला. 2021 च्या नियमांत या साधनाला जागा ठेवली गेली नाही, आणि 2020 चा एकही निकाल त्यामुळे बदलावा लागला नाही.