एकटीसाठी मांगर

देवगडजवळ आमच्या कलमांच्या बागेत माझ्यापुरता मांगर, म्हणजे बागेतली एक खोली, बांधायचा ठरला. आराखड्याआधी मी नको असलेल्या गोष्टी लिहून काढल्या: टीव्ही, फ्रीज, पाहुण्यांची खाट. एकांत हवा असेल तर दुसऱ्याची सोय आधीपासून करून ठेवायची नाही, यावर मी ठाम होते. जागा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पलीकडे, त्यामुळे सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न आला नाही.

चंदीगड आखणारा ल कॉर्बुझिए. त्याने १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर स्वतःसाठी बांधलेली झोपडी ३.६६ मीटर चौरस, म्हणजे १२ फूट बाय १२ फूट आहे. माप मी तिथून घेतलं. तिच्यात स्वयंपाकघर नाही, कारण खाणावळ लागूनच होती. माझ्या बागेला शेजार नाही, म्हणून दक्षिणेच्या भिंतीला छोटा ओटा आला.

मग खळ्यात फक्कीने त्याच मापाची चौकट आखली, आत खाट आणि स्टूल ठेवलं आणि संध्याकाळभर तिथे वावरले. कागदावर ऐसपैस दिसणारी वाट खाटेच्या पायथ्याशी अडत होती. खाट उत्तरेला सरकवली तेव्हा कुठे वाकून केर काढण्याएवढी जागा झाली.

सर्वांत जास्त विचार पश्चिमेच्या भिंतीचा केला. जो तो म्हणे, समुद्र दिसतोय तर पूर्ण काच लाव. गवंडीकाकांनी वाऱ्याकडे हात केला. “वैनी, पाऊस हयसून येता. दार थंय नको.” इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि वारा तो आडवा आणतो. दार पूर्वेला गेलं. पश्चिमेला हातभर खिडकी, लाकडी झडपेची. बिजागऱ्या पितळी, कारण खाऱ्या हवेत लोखंड गंजतं.

भिंती चिऱ्याच्या, गिलावा नाही. स्लॅबला मी नकार दिला. आमच्याकडे स्लॅब घालतात, तो गळायला लागला की वर पत्रा चढवतात. त्यापेक्षा मंगलोरी कौलं, ३० अंशांचा उतार आणि तीन फूट पुढे आलेली वळचण. पूर्वेला तोच उतार लांबवून सहा फुटांची पडवी काढली. माझ्या मते एकट्या माणसाला खोलीपेक्षा पडवी जास्त लागते. भर पावसातही तिथे दिवसभर बसता येतं, भाजी निवडता येते, वाचता येतं.

न्हाणी आणि संडास वेगळे, बागेच्या कडेला. तिथवरच्या वाटेवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून चिरे तासून न घेता खडबडीत बाजू वर ठेवून बसवले.