गोगलगायीच्या मेंदूतला डीएनए मोजताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी चेतापेशींतला डीएनए मोजायला घेतला तो अप्लिजिया या समुद्री गोगलगायीबद्दल वाचून. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांना २००० साली नोबेल मिळालं ते हिच्यावरच्या कामासाठी. तिची आर-टू नावाची पेशी मोठ्या प्राण्यात जवळजवळ १ मिमी होते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसते. १९७१ मध्ये अशा पेशींची केंद्रकं एकेक करून हातानं काढून मोजली गेली. सगळ्यात मोठ्या केंद्रकात डीएनए गुणसूत्रांच्या एका संचातल्या डीएनएच्या लाखभर पटीहून जास्त भरला आणि आकडे दुपटीदुपटीच्या गटांत पडले. पेशी विभागलीच नाही, आतला डीएनए मात्र सगळाच्या सगळा दुप्पट होत गेला. हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

पुण्यात समुद्र कुठला? पण पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतींवर आफ्रिकन गोगलगायी चढतात आणि त्यांच्या मेंदूतही मोठाल्या चेतापेशी असतात. गाइड मॅडम म्हणाल्या, "हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही." या गोगलगायींत मेंदूज्वर करणारा जंत असू शकतो.

पद्धत फॉयल्गेन या शास्त्रज्ञाची, १९२४ ची. आम्लानं डीएनए थोडा उघडायचा, मग शिफचा रंग द्यायचा. जितका डीएनए, तितका गडद किरमिजी. पण तुलनेला माप हवं, आणि ते कोंबडीच्या रक्तात मिळतं: तिच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं आणि त्यात साधारण २.५ पिकोग्रॅम डीएनए. सकाळी रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेली बाटली घेऊन चिकनच्या दुकानात गेले.

"दादा, थोडं रक्त द्याल का?"

"रक्त? कशाला, ताई?"

सांगितल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत.

पहिली खेप पूर्ण वाया गेली. आम्लाची बरणी ज्या गरम पाण्यात ठेवतात त्या वॉटर बाथचा आकडा ६० अंश दाखवत होता, थर्मामीटर घातला तर ६८. आम्लानं डीएनएच धुऊन नेला होता, केंद्रकं फिकट पडली होती. त्या दिवसापासून थर्मामीटर पाण्यातच ठेवला, आणि रक्ताची स्लाइड गोगलगायीच्या कापांबरोबर त्याच बरणीत. वेगळ्या बरणीतला रंग मोजमापाला चालत नाही.

खरी दमछाक पुढे होती. मोठं केंद्रक एका कापात मावत नाही. मेणात बसवलेल्या मेंदूचे पातळ काप करणाऱ्या मायक्रोटोमवर १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी पातळ पट्टी काढली की एकच केंद्रक सहा-सात कापांत विभागलं जातं. प्रत्येक काप ओळखायचा, फोटो काढायचा, रंगाची बेरीज करायची. एक काप हरवला की ते केंद्रक बाद. मेणाची पट्टी पाण्यावर तरंगताना मी श्वास रोखून धरायचे, कारण फुंकरीनंही ती दुमडते.

तीन महिन्यांनी आलेख काढला. लहान पेशी खाली एका जागी गोळा झाल्या होत्या. मोठ्यांचे ठिपके दुपटीच्या रेषांजवळ वर वर चढत गेलेले. मॅडमनी कागद खिडकीकडे नेला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

एकच ठिपका दोन रेषांच्या मध्ये होता. अधीरपणे स्लाइड पुन्हा लावली. पाचव्या कापाची कड दुमडली होती, केंद्रकाचा तुकडा घडीखाली गेला होता. तक्त्यातून तो आकडा काढला आणि शेजारी पेन्सिलीनं कारण लिहिलं.