सेंटरिंग आतच अडकलं तर?

एमएस्सीच्या पहिल्या सेमिनारला मी फळ्यावर फाजचं, म्हणजे जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूचं, डोकं एका झटक्यात काढलं. रेखीव षट्कोन, आत डीएनएचं वेटोळं. "डीएनएभोवती प्रथिनं गोळा होतात आणि कवच बनतं," म्हणून मोकळी झाले. मॅडमनी विचारलं, "भोवती? आधी कवच की आधी डीएनए?" माझी बोबडीच वळली. गंगापूर रोडवरून सिडकोतल्या घरी येईपर्यंत स्कूटीवर स्वतःलाच शिव्या घालत होते.

आधी कवच. तेही रिकामं, छोटं, गोलसर. दुसऱ्या सेमिनारसाठी मी एचके९७ हा फाज घेतला. त्याचं कवच एकाच प्रथिनाचं, पण त्या प्रथिनाच्या ३८५ अमिनो आम्लांपैकी सुरुवातीची शंभरेक फक्त बांधकामापुरती असतात. इथे मी अडले. बांधकामापुरती म्हणजे काय?

बाबा सेंटरिंगची, म्हणजे स्लॅब पक्का होईपर्यंत खालून प्लेटांचा आधार द्यायची, कामं घेतात. अंगणात प्लेटांना ऑइल मारत होते, त्यांनाच विचारलं, "स्लॅब पक्का झाल्यावर प्लेटांचं काय करता?"

"काय करणार, पुढच्या साइटवर. का गं?"

पी२२ नावाचा फाज अगदी हेच करतो. त्याचं सेंटरिंगचं प्रथिन वेगळं असतं. काम झालं की कवचाच्या भोकांतून अख्खं बाहेर पडतं आणि पुढच्या कवचाला वापरलं जातं.

"आणि आतच अडकलं तर?" बाबांनी ब्रश खाली ठेवला.

एचके९७चं उत्तर तेच होतं! त्याचं सेंटरिंग म्हणजे ती सुरुवातीची शंभरेक अमिनो आम्लं, भिंतीलाच जोडलेली, म्हणून कवच बांधतानाच एक कापणारं एन्झाइम आत कोंडलेलं असतं. ते हे सगळं सेंटरिंग कापतं, शेवटी स्वतःचेही तुकडे करतं आणि तो चुरा बाहेर निघून जातो. मग डीएनए भरायला लागला की कवच सुमारे ५४ नॅनोमीटरवरून ६६ वर फुगतं. भिंत पातळ होते, गोल अंगाला कोन येतात. माझा तो रेखीव षट्कोन म्हणजे सगळ्यात शेवटची अवस्था.

फुगून पातळ झालेली भिंत टिकते कशी? शेजारच्या प्रथिनांतली १६९व्या जागेवरचं लायसिन आणि ३५६व्या जागेवरचं अस्पॅराजिन ही अमिनो आम्लं पक्क्या बंधाने जुळतात, त्यासाठी वेगळं एन्झाइम लागत नाही. त्यातून होणाऱ्या कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात, लोखंडी कड्यांच्या चिलखतासारखी. ही रचना २००० साली उघड झाली. मला हा भाग सगळ्यात आवडला, आणि मॉडेलमध्ये नेमका तोच दाखवता आला नाही.

मॉडेल जुन्या लग्नपत्रिकांचं. ६० षट्कोन, ११ पंचकोन, दीड बाटली फेव्हिकॉल. एकेका षट्कोनात सहा प्रथिनं, पंचकोनात पाच, एकूण ४१५. एका षट्कोनावर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' तसंच राहिलं. आई म्हणाली, "राहू दे."

बाबांनी ते हातात घेऊन फिरवलं. "एक पंचकोन राहिलाय तुझा."

"तिथे दार आहे, बाबा. बारा प्रथिनांचं गोल कडं. तिथूनच डीएनए आत ढकलतात."

दुसऱ्या सेमिनारला मॅडमनीही मॉडेल उचललं, मामाच्या लग्नाचं निमंत्रण वाचलं आणि त्या भोकात पेन घातलं. यावेळी त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलायला लागले होते.