लाल टोपीतला पैलवान

"सर, ही भांडणं खरी असत्यात का नुरा?"

संध्याकाळी पोरांना सोडायला येणारे वडील विचारतात, तालमीतले जुने जोडीदार विचारतात, चहाच्या गाड्यावर ओळखपाळख नसलेलेही विचारतात. मी लहानपणी लाल मातीत खेळलो, आता मॅटवर पोरांना कुस्ती आणि थोडं ग्रॅपलिंग (पकडींचा खेळ) शिकवतो, आणि रविवारी सकाळी यूएफसी, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढती भरवणारी अमेरिकन कंपनी, टीव्हीवर लागली की उठत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं जबाब मलाच द्यावा लागतो. प्रश्न लढतीबद्दल नसतोच. पैलवानानं माइक हातात घेऊन दुसऱ्याच्या देशाला, बापाला, धर्माला शिव्या घालायच्या, ट्रम्पच्या प्रचाराची लाल टोपी घालून त्याच राष्ट्राध्यक्षाशेजारी फोटो काढायचा, आणि आपल्या पोरांनी मोबाइलवर ते बघून तट पाडायचे, हा काय प्रकार आहे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मार खरा असतो, त्यात शंका नको. १४ डिसेंबर २०१९ला लास व्हेगासमध्ये कोल्बी कॉव्हिंग्टन आणि कमारू उस्मान समोरासमोर आले. दोघंही मूळचे कुस्तीचे. कॉव्हिंग्टन ओरेगन स्टेट विद्यापीठाकडून खेळलेला, उस्मान २०१० साली कॉलेज कुस्तीच्या दुसऱ्या विभागात राष्ट्रीय विजेता. आम्ही पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, बघायला बसलो होतो. एकेरी नाही, दुहेरी नाही, पाच फेऱ्यांत कुस्ती काही दिसलीच नाही. उभ्या उभ्या नुसते ठोसे. उस्मान नायजेरियात जन्मलेला, त्यावरून कॉव्हिंग्टननं त्याला महिनोन् महिने डिवचलं होतं, आणि इर्षेला पेटलेला गडी डाव विसरतो हे कोल्हापूरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तिसऱ्या फेरीनंतर कॉव्हिंग्टननं कोपऱ्यात सांगितलं, जबडा मोडलाय वाटतं. तसाच तो पाचव्या फेरीपर्यंत उभा राहिला. शेवटची ५० सेकंद राहिली असताना पंचांनी लढत थांबवली. याला नुरा म्हणणाऱ्याला मी त्या मोडक्या जबड्याचा फोटो दाखवतो.

आता कॉव्हिंग्टनच्या लाल टोपीचं. २०१७च्या ऑक्टोबरपर्यंत हा माणूस जिंकत होता, पण कुणी विचारत नव्हतं. पटात घुसायचं, जाळीला दाबून धरायचं, दम काढायचा, गुणांवर जिंकायचं. आपल्या भाषेत कंटाळवाणी पण भक्कम कुस्ती. कंपनी करार वाढवणार नाही असं त्याच्या कानावर आलं होतं, हे त्यानंच पुढं सांगितलं. मग साओ पावलोत, ब्राझीलच्याच डेमियन माइयाला हरवून, त्याच मैदानात त्यानं माइकवर तिथल्या लोकांना घाणेरडी जनावरं म्हटलं. रात्रीत नाव झालं. पुढच्या जूनमध्ये अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या विजेत्याचा, पट्टा मिळाला आणि ऑगस्टमध्ये तो पट्टा घेऊन गडी व्हाइट हाउसात ट्रम्पशेजारी उभा. हा मार्ग त्यानं शोधलेला नाही. त्याच ओरेगनचा चेल सोनेन २०१० साली ब्राझीलच्या अँडरसन सिल्वाविरुद्ध त्याच्या देशाची अशीच निंदा करत उतरला होता. साडेचार फेऱ्या त्यानं सिल्वाला खाली दाबून ठेवलं आणि पाचवीत पायांच्या कात्रीत सापडून हरला. हरला तरी परतीची लढत त्या तोंडावरच विकली गेली.

विकली गेली हेच महत्त्वाचं. यूएफसीचा लढवय्या पगारी नोकर नसतो, कंत्राटी असतो. उतरण्याचे ठरलेले पैसे, जिंकला तर बहुधा तेवढेच आणखी. २०२५पर्यंत घरबसल्या पैसे भरून बघणाऱ्यांच्या कमाईत वाटा मिळायचा तो विजेत्याला आणि मोजक्या मोठ्या नावांना. याच पैशावरून जुन्या लढवय्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०२४मध्ये ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. म्हणजे हाताची किंमत ठरलेली आणि जिभेची खुली. अशा बाजारात पक्ष ही फार सोयीची गोष्ट आहे. तयार गर्दी, तयार घोषणा, तयार शत्रू. वर ज्याला तुमचं तोंड बघवत नाही, तोही तुम्हाला मार खाताना बघायला तेवढेच पैसे मोजतो.

या खेळाला राजकारण आत्ता चिकटलेलं नाही. १९९६ साली सिनेटर जॉन मॅकेननं याला माणसांच्या कोंबडझुंजी म्हणत सगळ्या ५० राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं पाठवली होती. दारं बंद होत गेली. २००१मध्ये नव्या मालकांनी २० लाख डॉलरला कंपनी घेतली, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कार्यक्रमाला जागा दिली अटलांटिक सिटीतल्या ट्रम्प ताजमहाल कॅसिनोनं. (हे नाव सांगितलं की आमच्याकडं पोरं हसतात.) कंपनीचा प्रमुख डेना व्हाइट ते विसरला नाही. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात तो भाषणाला उभा राहिला. ट्रम्प पिंजऱ्याशेजारी येऊन बसतो, विजेता त्याच्याकडं धावतो, त्यामागं हे जुनं उपकारांचं खातं आहे. अशा घरात लाल टोपी घालायला धाडस लागत नाही.

म्हणून 'कॉव्हिंग्टन मनापासून बोलतो का सोंग करतो' यात मी शिरत नाही. त्या भूमिकेपायी त्याला काय मिळालं आणि त्याचं काय गेलं, तेवढं बघतो. मोहम्मद अलीनं १९६७ साली सैन्यात जायला नकार दिला, त्याचा किताब काढून घेतला आणि उमेदीची तीन वर्षं त्याला रिंगणात पाय ठेवता आला नाही. आपल्याकडं २०२३ साली विनेश, साक्षी आणि बजरंग जंतरमंतरवर बसले तेव्हा फरफट कुणाची झाली ते सगळ्यांनी पाहिलं. 'पैलवानांनी राजकारण करू नये' असं त्या वेळी कट्ट्यावर बोलणारी काही माणसं कॉव्हिंग्टनच्या टोपीवर मात्र खूश असतात. आणि रशियाच्या चेचन्यातल्या लढवय्या पोरांना या मापात बसवताच येत नाही. तिथला नेता कादिरोव, त्याच्या लढवय्यांच्या क्लबावर अमेरिकेनं २०२०मध्ये निर्बंध घातले. पण ज्याचं घरदार तिथं आहे त्यानं कादिरोवसोबतच्या फोटोला नाही म्हणायचं कसं?

सोंग म्हणून सगळं माफ करणाऱ्यांना मी एक लढत आठवायला लावतो. २०२३च्या डिसेंबरात विजेत्या लिऑन एडवर्ड्ससमोर याच कॉव्हिंग्टननं पत्रकार परिषदेत एडवर्ड्सच्या मेलेल्या बापाचा विषय काढला. तो बाप लंडनमध्ये गोळी लागून मेला तेव्हा एडवर्ड्स शाळकरी पोर होता. एडवर्ड्स शांत डोक्यानं लढला, गुणांवर जिंकला, आणि नंतर बोलताना त्याचा गळा दाटून आला. शिव्या देणाऱ्यानं त्या दिवशी लढतीत फारसं काही केलं नाही. आमच्या तालमीत समोरच्याच्या आईबापावर कुणी गेला असता, तर वस्तादांनी आधी त्याच्या कानाखाली वाजवली असती. शड्डू ठोक, पायाखालची माती उधळ, पण तोंड बंद. ते संस्कार म्हणून चांगलं होतंच, पण तो हिशेबही होता. त्याच हौद्यात उद्या तोच गडी जोडीला असायचा.

बघणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. रशियातल्या दागिस्तानचा खबीब आणि आयर्लंडचा मॅकग्रेगर यांची लढत आपल्याकडं ७ ऑक्टोबर २०१८ला सकाळी दिसली. मॅकग्रेगर खबीबच्या बापावर, त्याच्या मुसलमान धर्मावर बोलला होता. चौथ्या फेरीत गळा आवळून खबीबनं त्याला हार मानल्याची थाप मारायला लावली आणि मग जाळीवरून उडी टाकून त्याच्या माणसांवर धावून गेला. त्यापायी ५ लाख डॉलर दंड आणि ९ महिने बंदी. आमच्या तालमीत सगळे खबीबच्या बाजूनं, कारण साधं होतं: तो कुस्तीचा. दागिस्तान नकाशावर कुठं आहे हे कुणाला माहीत नव्हतं. दोन-तीन आठवड्यांपूर्वीच गणपती आणि मोहरम एकत्र आले होते आणि शहरातल्या काही तालमींत गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसले होते. पुढं मात्र स्टेटस आले. खबीबचा फोटो कुणी लावला, मॅकग्रेगरचा कुणी, यावरून आडनावं बघणं सुरू झालं. आयर्लंडशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा पोरगा मॅकग्रेगरचा कट्टर भक्त झाला, कारण समोरचा खबीबचा होता. २०२३च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात दगड पडले, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्याचा आणि यूएफसीचा संबंध नाही. पण स्टेटस बघून माणूस ओळखायची सवय लागते कशी, ते मी पोरांच्यात बघितलंय.

आपले पैलवान तरी राजकारणापासून लांब कुठं होते? शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, मल्लांचा खुराक दरबारातून चालायचा. नंतर साखर कारखान्यांनी मानधनावर पैलवान ठेवले. मैदान भरवणारा नेता, फ्लेक्सवर नेता, इनाम देणारा नेता, आणि निवडणुकीत नेत्यामागं उभे चार धिप्पाड गडी. पण तो पैलवान बोलत नसे. मागं उभं राहायचं, हात जोडायचे, एवढंच काम. तिकडचा गडी नेत्याची जीभच उसनी घेतो, त्याच्याच सुरात बोलतो, म्हणून इथल्या जुन्या माणसाला ते ओंगळ वाटतं. मला विचाराल तर मिंधेपण दोन्हीकडं आहे. आपल्याकडं ते मुकं होतं, एवढाच फरक.

मी पोरांना कॉव्हिंग्टनच्या लढती दाखवतो. पट हुकला की लगेच दुसऱ्या पायाला जाणं, तिथून कमरेला, तिथून जाळीपाशी, मध्ये श्वास घ्यायला जागाच न देणं, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. आवाज बंद ठेवतो. त्याचा उपयोग किती, ते अलीकडंच कळलं.

माझ्याकडच्या एका पोरानं जिल्हा स्पर्धेआधी रील टाकलं. दुसऱ्या तालमीच्या पोराचं नाव घेऊन, त्याच्या पेठेवरून, मग त्याच्या नेत्यावरून. हावभाव सगळे तिकडचे, शिव्या अस्सल इथल्या. गेल्या वर्षी पदक आणलं तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले होते, बाकी कुणाला पत्ता नव्हता. हे रील हजारोंनी बघितलं आणि प्रोटीन पावडरच्या एका दुकानदारानं बोलावून त्याला डबे फुकट दिले. वडील मला विचारायला आले, "सर, ह्यात वाईट काय झालं?" मी पोराला रील काढायला लावलं आणि समोरच्या वस्तादांकडं माफी मागायला पाठवलं. डबे परत दे म्हणालो नाही. महिन्याचा खुराक कुठून आणायचा, हे त्या वडिलांनी मला आधीच दोनदा विचारलेलं आहे.