आठ मिलिमीटर

मांडीचं माप पहिल्यांदा 64.8 सेंटीमीटर आलं. मी त्या मुलाला उठवलं, खोलीत दोन फेऱ्या मारायला सांगितलं आणि परत बसवलं. 64.7. मग शेजारच्या खोलीतल्या सहकारी डॉक्टरांना बोलावलं आणि माझे आकडे न दाखवता तेच माप त्यांना घ्यायला लावलं. त्यांनी कागदावर लिहिलं, 64.8. मर्यादा 64 ची.

लढाऊ विमानाचे वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची शरीरमापं घेणं हे माझं काम. डोळे, कान, हृदय, रक्त या तपासण्या दुसरीकडे होतात. माझ्या खोलीत उंची मोजायचा खांब आहे, मोजपट्ट्या आहेत आणि एक टेबल आहे. टेबलाच्या मागे सरळ उभी फळी, खाली वर-खाली सरकवता येणारी पायफळी. त्या पायफळीबद्दल पुढे सांगते. त्या दिवशी माझ्या हातून जे घडता घडता राहिलं, ते तिच्यापायी.

तो आणि त्याचा मित्र एकाच तुकडीत आले होते. शाळेपासून बरोबर तयारी केलेली, धावणं बरोबर, अभ्यास बरोबर. खांबाला उभे राहिले तेव्हा उंचीही सारखीच भरली, दोघेही 179. एकमेकांकडे बघून हसले. मी मात्र उभ्या उंचीवर कधीच काही ठरवत नाही. टेबलावर बसवल्यावर खरं काय ते कळतं. मित्राची बैठी उंची 94, मांडी 61.2. याची बैठी उंची 89.5, मांडी 64.8. एकाची उंची धडात, दुसऱ्याची पायांत.

बाहेरच्यांना वाटतं, वैमानिकाला उंचीची एक किमान अट असते आणि ती ओलांडली की झालं. प्रत्यक्षात कॉकपिट माणसाला चारही बाजूंनी मोजतं. भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेचे आकडेच बघा: उंची किमान 162.5 सेंटीमीटर, बैठी उंची 81.5 ते 96, पायाची लांबी 99 ते 120 आणि मांडी जास्तीत जास्त 64. बैठी उंची कमी असेल तर नजर विमानाच्या नाकावरून पलीकडे जात नाही, उतरताना धावपट्टी दिसायला हवी तेव्हा दिसत नाही. जास्त असेल तर हेल्मेट वर कॅनोपीला, म्हणजे डोक्यावरच्या काचेच्या झाकणाला टेकतं. पाय आखूड असतील तर रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचं पेडल शेवटपर्यंत दाबलं जात नाही. पाय लांब असतील तर गुडघे वर येतात आणि विमान चालवायच्या दांड्याच्या आड येतात. आणि मांडी लांब असेल तर जो धोका आहे, तो विमान ठीक चाललंय तोवर कुणालाच दिसत नाही.

फळीला कुल्ले टेकवून, गुडघा काटकोनात ठेवून, कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत जे अंतर भरतं, ते मांडीचं माप. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, म्हणजे इजेक्शन सीट, रुळांवरून वर सुटते तेव्हा वैमानिकाचे गुडघे समोरच्या उपकरणांच्या फळ्याला आणि काचेच्या चौकटीला न लागता बाहेर यावे लागतात. सगळा खेळ सेकंदाच्या अंशात होतो. शरीरावर त्याच्या वजनाच्या 12 ते 20 पट भार येतो. त्या वेगात गुडघा चौकटीला लागला तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बऱ्याच सीटना नडगीसाठी पट्टे असतात, ते सुटतानाच पाय मागे खेचून धरतात. पण पट्टा नडगी खेचतो, मांडी आखूड करत नाही.

मी नोकरीत नवीन असताना इजेक्शन करून उतरलेल्या एका वैमानिकाला तपासलं होतं. पाठीचा शेवटचा मणका चेपला गेला होता. इजेक्शननंतर नेहमी दुखावते ती हीच जागा, पाठ आणि कंबर यांचा सांधा. बाकी ते ठीक होते. पडल्या पडल्या त्यांनी मला दोन बोटं एकमेकांजवळ धरून दाखवली. गुडघा आणि चौकट यांच्यात एवढंच अंतर राहिलं असेल, म्हणाले. मांडीचं माप लिहिताना ती दोन बोटं मला अजून दिसतात.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. सांगायलाच हवं असं काही नाही. नियमानं "अपात्र" लिहून पुढचा नंबर पुकारता येतो. पण वर्षानुवर्षं घाम गाळून आलेल्या पोराला कारण न सांगता परत पाठवणं मला कधी जमलेलं नाही.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, मग खुर्ची थोडी मागे घेता नाही येत? मोटारीत घेतात तशी?"

प्रश्न चांगला होता. बहुतेक लढाऊ विमानांत खुर्ची वर-खाली होते, मागे-पुढे नाही. ती रुळांना जोडलेली असते आणि त्याच रुळांवरून सुटायची असते. पुढे-मागे सरकतात ती पेडलं. त्यामुळे लांब नडगीची सोय करता येते, लांब मांडीची नाही.

"म्हणजे विमान माझ्यासारख्यासाठी केलेलंच नाही," तो म्हणाला.

यावर मी थोडा वेळ गप्प राहिले, कारण म्हणाला ते खरंच होतं. विमानं कुणाला तरी समोर ठेवूनच केली जातात. 1950 मध्ये अमेरिकी हवाई दलानं 4063 वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट "सरासरी" वैमानिकाला बसेल असं करायचं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं त्यांतली 10 मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती आहेत ते मोजलं. एकही निघाला नाही. चार हजारांत एकही नाही! कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर कंबर बारीक. जमवून घेता येणाऱ्या खुर्च्या, पेडलं, पट्टे यांचा आग्रह तिथून वाढला. पण जमवून घेण्यालाही हद्द असते, आणि ती हद्द विमानाचा आराखडा कागदावर असताना ठरून जाते. अमेरिकेत पुढे कितीतरी वर्षं 1967 साली घेतलेली पुरुष वैमानिकांची मापं आराखड्यासाठी धरली जात होती. तिथं अर्जासाठी 64 ते 77 इंच उंचीची अट होती, ती 2020 मध्ये काढली आणि नवी विमानं अधिक तऱ्हेच्या शरीरांना बसतील अशी करायचं ठरवलं. चांगलंच झालं. उशिरा झालं, असं मी मनापासून म्हणेन. पण जी विमानं आज उडताहेत, ती तशीच आहेत.

मी त्याला म्हटलं, "तुझ्या शरीरात काही कमी नाही. या यंत्रात तुझ्या मांडीला जागा नाही, एवढंच आहे."

त्यानं मान हलवली. "आठ मिलिमीटर," एवढंच म्हणाला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. मित्राच्या इतर तपासण्या बाकी होत्या, तो त्याच्यासाठी थांबणार होता.

पुढचा नंबर एका मुलीचा. उंची 164, म्हणजे अटीच्या वर. पायाची लांबी बसली, मांडीचा प्रश्नच नव्हता. बैठ्या उंचीला फळीला पाठ लावून बसवलं, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत आणली, पट्टी डोक्यावर टेकवली. 81.1. परत घेतलं. 81.1. चार मिलिमीटर कमी.

तिनं माझा चेहरा वाचला असावा. "मॅडम, खाली उशी घेऊन चालत नाही का? गागारिन घ्यायचे ना?"

युरी गागारिन 157 सेंटीमीटरचे होते आणि शिकाऊ वैमानिक असताना धावपट्टी नीट दिसावी म्हणून उशी घेऊन बसायचे असं सांगतात. तिला हे ठाऊक होतं याचं मला कौतुक वाटलं. पण इजेक्शन सीटवर मऊ उशी हा सरळ धोका आहे. सीट खालून सुटते तेव्हा आधी उशी दबते. तेवढ्या क्षणात सीटनं वेग घेतलेला असतो आणि माणूस अजून जागेवरच असतो. मग दबून कडक झालेल्या उशीसकट सीट त्याला खालून येऊन धडकते. मणक्यावरचा मार कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून या सीटवरची गादी पातळ आणि ताठ असते, तिच्यावर आणखी काही घालता येत नाही. हलक्या माणसाचे प्रश्न वेगळेच. अमेरिकेच्या एफ-35 या लढाऊ विमानात 2015 मध्ये 136 पौंडांखालच्या, म्हणजे सुमारे 62 किलोखालच्या वैमानिकांना उडायला मनाई केली होती, कारण त्यांच्या मानेला इजा व्हायचा संभव दिसला. हेल्मेट हलकं केलं, सीटमध्ये बदल केले, मग 2017 मध्ये ती मनाई उठली. यंत्र बदललं, माणूस तोच राहिला.

हे बोलत बोलत मी नोंदीचा कागद पुढे ओढला होता. पेन हातात होतं. का कोण जाणे, माझी नजर खाली गेली. तिचे पाय लोंबकळत होते.

पायफळी अजून त्या मुलाच्या मापावर होती. लांब पायांसाठी मी ती अगदी खाली नेली होती आणि मन त्याच्यातच अडकल्यामुळे वर आणायची राहिली होती. पाय अधांतरी असले की मांड्या खाली ओढल्या जातात, कटी मागे कलते, पाठीचा कणा नकळत वाकतो. बसणाऱ्याला वाटतं आपण ताठ आहोत. डोकं मात्र काही मिलिमीटर खाली आलेलं असतं.

माझ्या हाताला घाम फुटला. पायफळी वर घेतली, तिचे तळवे नीट टेकवले, मांड्या आडव्या झाल्याची खात्री केली, कुल्ले फळीपर्यंत मागे सरकवायला सांगितलं. 81.8. उठवून परत बसवलं. 81.7. सहकाऱ्यांना बोलावलं. 81.8.

मी तिला चूक माझी होती म्हणून सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती ओठ घट्ट मिटून बसली, डोळे भरून आले होते. उतरताना तिनं वाकून त्या पायफळीकडे एकदा बघितलं.

ती गेल्यावर मला खुर्चीत बसवेना. एका मुलीचं आयुष्य मी एका फळीपायी वळवणार होते. मग ज्याला अर्ध्या तासापूर्वी नाही म्हटलं, त्याच्या वेळी माझं लक्ष होतं का? पायफळी त्याच्यासाठीच लावली होती, हे आठवत होतं. सहकाऱ्यांनीही माप घेतलं होतं. पण त्यांनी घेतलं ते मी लावलेल्या टेबलावर. गुडघा काटकोनात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं की धरून चालले होते?

बाहेर गेले. तो बाकावर बसला होता, मित्रही आला होता. त्याला परत बोलावणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिला आणि लगेच सांगितलं, "आशा धरू नकोस. मी माझं काम तपासतेय."

दोघेही आत आले. या वेळी पायफळी मी खुणा बघून लावली, गुडघ्याला काटकोन लावून पाहिला, फळी आणि कुल्ले यांच्यात कागद सरकतो का ते पाहिलं. कागद सरकला नाही. पट्टी गुडघ्याला टेकवली. बसलेल्याला आकडा दिसत नाही, म्हणून त्यानं मित्राला म्हटलं, "तू वाच."

मित्र वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"चौसष्ट पॉइंट आठ," तो म्हणाला.

मी कागदावर सही केली आणि पायफळी पहिल्या खुणेवर आणून ठेवली.