वीस जुड्या सांबार

हिवाळी अधिवेशन आटोपतं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोकळे होतात आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर पहिला निरोप येतो : "या वर्षी सांबार कोण आणून राहिलं?" बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. निरोप दुबईच्या मैत्रिणीचा असतो. तिचं विमान अजून चार दिवसांनी असतं, पण मनाने ती केव्हाच गोकुळपेठेच्या बाजारात पोचलेली असते.

आम्ही १९८६ साली दहावी झालेले. शाळा नागपूरच्या महाल भागातली, मराठी माध्यमाची. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी काटोल रोडवर एका वर्गमित्राच्या संत्र्याच्या बगीच्यात आम्ही तीसचाळीस जण जमतो. त्या दिवसाचा एक नियम आहे. स्वयंपाक नागपुरात राहणाऱ्यांनी करायचा नाही. जे परदेशातून आलेत त्यांनी करायचा, आणि तोही इथलाच करायचा : सांबारवडी, डाळींचे वडे कुस्करून खायचा वडाभात, पाटोडीचा रस्सा, भरीत. आम्ही इथल्यांनी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणायच्या, गंज-पराती आणायच्या, सांबार निवडायचा आणि पंगत वाढायची.

हा नियम कोणी ठरवून केला नाही. २०११ साली दहावीला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही पहिल्यांदा एका हॉलमध्ये जमलो होतो. जेवण बाहेरून सांगितलं होतं. पनीरच्या दोन भाज्या, नूडल्स, गुलाबजाम. मेलबर्नला राहणारा आमचा वर्गमित्र ताट घेऊन माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "वडाभात नाही का गं कुठे?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मी दर गणपतीला करतो. वीस माणसांचा." शाळेत असताना स्वतःचा डबासुद्धा न धुणारा हा मुलगा वीस माणसांचा वडाभात करतो हे ऐकून मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानेच मग शेताची कल्पना काढली.

मला त्याचं म्हणणं लगेच कळलं, कारण तेव्हा मीही परदेशातच होते. १९९७ पासून २०१५ पर्यंत मी शिकागोजवळच्या एका उपनगरात राहिले. नागपुरात आईजवळ होते तोवर मला स्वयंपाकातलं फारसं काही येत नव्हतं. यायची गरजच नव्हती. भूक लागली की आई होती, सणाला मावशी होती, आणि यातलं काहीच नसलं तर चौकात तर्री-पोहे होते. शिकागोत यातलं काही नव्हतं. शनिवारी रात्री नऊला मी आईला फोन लावायची, तेव्हा इथे रविवारची सकाळ असायची आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची. फोनकार्डावरची मिनिटं संपायच्या आत मला सगळं लिहून घ्यायचं असायचं.

"भरडा किती घेऊ?"

"एक वाटी."

"कोणती वाटी?"

"ती आपली पितळेची."

ती वाटी मी पुढच्या फेरीत उचलूनच नेली. आईने दिली नाही, मी मागून घेतली. तिकडच्या मापाने ती मोजली तर पाऊण कपाच्या जरा वर भरली. माझ्या वहीत आजही सगळ्या कृती त्या वाटीत आहेत आणि पुढे कपात. काही जणांना वाटतं की मापाने केलेल्या स्वयंपाकाला आईच्या अंदाजाची चव नसते. मला ते पटत नाही. आई २०१३ साली गेली. तिचा अंदाज तिच्या हातात होता, तो तिच्याबरोबर गेला. माझ्याकडे ती वाटी राहिली आहे, आणि डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला माझा गोळाभात तिच्या गोळाभातासारखा लागतो असं माझा मोठा भाऊ म्हणतो. त्याने दोन्ही खाल्ले आहेत.

शिकागोत आम्ही विदर्भातली आठ-दहा घरं होतो. अकोला, अमरावती, वर्धा, आणि बाकी नागपूर. महाराष्ट्र मंडळाच्या मोठ्या कार्यक्रमांना आम्ही जायचोच, पण गौरी-गणपतीत एक दिवस फक्त आमचा असायचा. घर ठरायचं, पदार्थ वाटून घेतले जायचे आणि महिनाभर आधी सामानाची शोधाशोध सुरू व्हायची. डेव्हॉन अव्हेन्यूला, म्हणजे शिकागोतल्या भारतीय बाजारात, बाकी सगळं मिळायचं, आंबाडी मिळेना. आंबाडीच्या भाजीशिवाय गौरीजेवण कसं करायचं? शेवटी वर्ध्याच्या वहिनींना एका तेलुगू बाईंच्या फ्रिजमध्ये ती दिसली. ते लोक तिला गोंगुरा म्हणतात. त्यांच्या दुकानात ती जुड्यांनी मिळते आणि आम्ही चार वर्षं समोरून ये-जा करत होतो! त्या संध्याकाळी वहिनींनी तुरीची डाळ आणि कण्या घालून भाजी घोटली, वरून लसणाचं तेल सोडलं, आणि खाताना कोणी काही बोललं नाही. जवसाचं उलटं झालं. तिकडच्या दुकानांत जवस आरोग्याचं खाणं म्हणून मोठ्या पिशव्यांतून मिळायचे. लोक ते दुधात घालून प्यायचे, आम्ही भाजून, तिखटमीठ घालून कुटायचो.

भरिताचा प्रश्न वेगळा होता. वांगी मोठी आणि छान मिळायची, पण शेगडी विजेची. जाळ नाही तर भरीत कसलं? ओव्हनमध्ये भाजलेलं वांगं शिजतं, भाजत नाही. धुराचा वास त्याला येत नाही. म्हणून घरामागे कोळशाची जाळी होती तिच्यावर आम्ही वांगी भाजायचो. संक्रांतीच्या दिवसांत गुडघाभर बर्फ असायचा. माझे मिस्टर फावड्याने बर्फ बाजूला करत जाळीपर्यंत वाट काढायचे, आणि मी जाकीट-टोपी घालून वांगी फिरवत उभी राहायची. त्या थंडीत हिरवा कांदा चिरून घातलेलं, कच्चं तेल सोडलेलं भरीत आणि भाकरी आम्ही पंधरावीस माणसं मांडी घालून खायचो. मुलंही खायची. माझा मुलगा आता सिएटलला नोकरी करतो. पहिल्या पगारात त्याने तशीच एक जाळी घेतली आणि मला फोटो पाठवला.

काटोल रोडवरच्या शेतात भरिताचं काम सोपं आहे. बाजूच्या शेतातून पऱ्हाट्या येतात, त्या भडाभडा पेटतात, वांगी पाच-सात मिनिटांत काळी ठिक्कर होतात. परदेशातून आलेले सगळे त्या जाळाभोवती उभे राहतात. कॅनडाची मैत्रीण तर दरवर्षी साडीचा पदर खोचून वांगी फिरवायला बसते आणि दुसऱ्या कोणाला चिमटा देत नाही.

पण दिवसाचं मुख्य काम सांबारवडीचं. चाळीस माणसांना निदान शंभर वड्या लागतात आणि त्यांना वीस जुड्या. दुबईची मैत्रीण ही वडी करते. आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या घरी येते. तीन पाण्यांतून सांबार धुतला जातो आणि माझ्या जुन्या सुती साड्यांवर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवला जातो. सकाळी ती मूठभर पानं उचलून गालाला लावून बघते. गार लागली तर म्हणते, "अजून नाही." कारण ओल राहिली तर वडी तेलात फुटते, आणि एक फुटली की सगळं तेल खराब होतं. मग बारीक चिरायचं, चुरडू द्यायचं नाही. त्यात भाजलेलं खोबरं, खसखस, चारोळी, तीळ, हिरवी मिरची-आलं-लसूण, लिंबू, चिमूटभर साखर. बेसनाच्या घट्ट पिठाची पुरी लाटायची, तिला चिंच-गुळाचा कोळ आणि काळा मसाला लावायचा, सारण दाबून भरायचं, पुडी बांधतो तशी चारी बाजूंनी घडी घालायची. मंद आचेवर तळायची. ती तळत असताना मी कधीकधी नुसती तिची बोटं बघत राहते. घडीची शेवटची कड ती अंगठ्याच्या नखाने दाबते. तशी कड आमच्या गल्लीतल्या तिच्या आजी दाबायच्या. वडी फोडली की हिरवीगार दिसली पाहिजे आणि सोबत ताकाची कढी पाहिजे. बास.

तर गोष्ट खसखशीची. दुबईत खसखस विकायला आणि न्यायला बंदी आहे. ही तिकडे गेली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. सुदैवाने निघायच्या आदल्या दिवशी दिराने सांगितलं आणि तिने भरलेल्या बॅगेतून पुडी काढून ठेवली. तेव्हापासून गेली बावीस वर्षं ती तिकडे खसखशीशिवाय सांबारवडी करते. तीळ वाढवते, चारोळी वाढवते. तिच्याकडे दिवाळीत येणाऱ्या कोल्हापूरच्या, मुंबईच्या मैत्रिणींना ती वडी फार आवडते. तिच्या मुलींना तर सांबारवडी अशीच असते असं वाटतं. पण तिचं समाधान होत नाही. म्हणून नागपुरात उतरली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतवारीत जाते, किराणा ओळीतल्या ठरलेल्या दुकानातून पाव किलो खसखस घेते, आणि घरी येऊन आधी कोरडी भाजते. भाजताना कढईवर वाकून वास घेते. मी तिला विचारलं नाही कधी की तेव्हा तिच्या मनात काय येतं.

मेलबर्नवाला आता कुरड्या घेऊन येतो. हे ऐकून सगळ्यांनी आधी कपाळाला हात लावला होता. कुरड्या नागपूरहून तिकडे जायच्या की तिकडून इकडे यायच्या? पण तिकडे आपल्या थंडीत उन्हाळा असतो. त्यामुळे त्याची उन्हाळ्याची कामं जानेवारीत येतात. तीन दिवस गहू भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटून चीक काढणं, शिजवणं, सोऱ्याने घालणं, सगळं तो आणि त्याची बायको करतात. शेजारचे ऑस्ट्रेलियन म्हातारा-म्हातारी खुर्च्या टाकून बघायला बसतात आणि चीक खाऊन जातात. इकडे आमच्या गल्लीत आता गच्चीवर कुरड्या घालणारं एकही घर उरलं नाही. आम्ही बचत गटाकडून पाकिटं घेतो. मीही घेते. आमच्या विज्ञानाच्या बाई दरवर्षी येतात, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी त्याची तळलेली कुरडई हातात घेऊन उन्हात धरली, जाळी बघितली आणि म्हणाल्या, "चीक चांगला शिजवलास रे." दहावीत त्याला विज्ञानात जेमतेम पस्तीस होते. साठीकडे झुकलेला माणूस, बाईंच्या पाया पडला आणि बराच वेळ विहिरीकडे जाऊन उभा राहिला.

खूप वर्षं मला वाटायचं की आपण दूर गेलो, आपलं सुटलं. आता मला तसं वाटत नाही. इथे राहून आमच्या हातून पुष्कळ गोष्टी सुटल्या, कारण त्या कोपऱ्यावर मिळत होत्या. त्यांना मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी गहू भिजवण्यापासून, सांबार वाळवण्यापासून सगळं स्वतः केलं. आपल्या पंगतीत बसायला कोणी नव्हतं तर त्यांनी तेलुगू, गुजराती, गोरे, जे शेजारी होते ते बसवले. आमच्या वर्गातल्या ज्यांनी नागपूर कधीच सोडलं नाही त्या दोघी आता त्यांच्याकडून वडाभाताचं प्रमाण लिहून घेतात. पाच डाळी, कोणती किती, आणि वरून घालायच्या तेलात हिंग कधी टाकायचा, हे सगळं.

दुपारी पंगत बसते. झाडांवर आंबिया बहाराची शेवटची संत्री असतात, ती जेवणानंतर. वडाभातावर कढत फोडणीचं तेल घालायला मेलबर्नवाला स्वतः पळी घेऊन फिरतो. कोणी "पुरे" म्हटलं तर त्याला ऐकू येत नाही.

२०२० साली हे काही झालं नाही. विमानं धड नव्हती आणि बाईंना घराबाहेर पडायची मनाई होती. तरी दुबईच्या मैत्रिणीने त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला. मला म्हणाली, "माझी खसखस आहे ना तुझ्याकडे?" होती. कारण दरवर्षी वड्या करून जी उरते ती तिला नेता येत नाही. जायच्या दिवशी ती बरणी माझ्या फडताळात ठेवते आणि मी वर्षभर वापरते. त्या दिवशी तिने मला मोबाइल कढईजवळ धरायला लावला. मी भाजत होते, ती बघत होती. "अजून थोडी," ती म्हणाली. मग "बास, आता काढ." रंग तिला नीट दिसत होता की नाही कोण जाणे, पण खसखस बरोबर त्याच क्षणी भाजून झाली होती.

या वर्षीची बरणी अर्धी भरलेली आहे. झाकणावर तिने स्केचपेनने साल लिहून ठेवलंय.