चार माणसं आणि एक धोंडा

शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, काहीतरी लिहून दे असा फोन आला आणि मला एकदम आमचा ड्रॉइंगचा तास आठवला. आठवड्यातून एकदाच असायचा आणि तोही बऱ्याचदा गणिताला जायचा. पण आठवीत सरांनी एका तासाला मासिकातून कापलेला एक फोटो आणला होता, चेन्नईच्या मरिना बीचवरचा कष्टकऱ्यांचा पुतळा, शिल्पकार देबीप्रसाद रायचौधरींनी केलेला, १९५९ साली बसवलेला. चार माणसं मिळून एक मोठा धोंडा रेटतायत, बस एवढंच. सर म्हणाले, यांची नावं सांगा. आम्ही गप्प. मग म्हणाले, बरं नावं राहू द्या, या पोटऱ्या कुठे पाहिल्यात ते सांगा. मागच्या बाकावरून आवाज आला, कापसाच्या जिनिंगवर, सर, गाठी उचलताना. त्याचे वडील हमाल होते.

नंतर सरांनी शिल्पकार रामकिंकर बैज सांगितले. शांतिनिकेतनात १९३८ साली त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे आदिवासी कुटुंबाचं शिल्प केलं, खांद्यावर कावड, एका टोपलीत पोर, बाईच्या डोक्यावर बोजा, बरोबर कुत्रा. ब्राँझ नाही, संगमरवर नाही, सिमेंट आणि लाल मुरूम. म्हणजे ज्या रस्त्याने ते लोक चालायचे त्याच रस्त्याची खडी. १९५६ च्या दुसऱ्या शिल्पात मिलच्या भोंग्याला धावणाऱ्या बायका आहेत, ओली साडी पळता पळताच वाळवतायत. धुळ्याच्या आणि अमळनेरच्या मिलचा भोंगा आमच्या आज्यांनी ऐकलेला, त्यामुळे हे काही लांबचं वाटलं नाही. आणि शिल्पकार राम सुतार तर आमच्याच धुळे जिल्ह्यातले, गोंदूरचे, सुतारकाम करणाऱ्या घरातले, १९२५ चा जन्म, चंबळेवर गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटी पुतळा उभा केला हे सर अगदी छाती फुगवून सांगायचे.

मग मीपण केला. कापूस वेचणारी बाई. तारेचा सांगाडा, त्याला सुतळी गुंडाळायची म्हणजे माती घसरत नाही, वर तळ्यातली चिकणमाती. रात्री गोणपाट ओलं करायला विसरलो आणि सकाळी बाई कमरेतूनच तडकलेली, पुन्हा केली. पाठ वाकलेली, कमरेला ओटी, एक हात बोंडाकडे. तालुक्याच्या प्रदर्शनात एक परीक्षक म्हणाले, एखादा महापुरुष करायचास, ही मजूर बाई कोण बघणार? ते अजून लागतं मला. सर काहीच बोलले नाहीत, फक्त मूर्ती उचलून टेबलाच्या पुढच्या कडेला आणून ठेवली.

गॅदरिंगला आई आली, तिने खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, का रे, मनी पाठ इतली वाकेल शे का? म्हणजे, माझी पाठ इतकी वाकलीय का?

मला काही उत्तर देता आलं नाही.

आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा सिमेंटचा पुतळा आहे, निळा कोट, हातात संविधान, बोट वर. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघांनी केलेला, १९६७ चा, त्याच धर्तीवरचा हा आमचा छोटासा. वर्गणीतून उभा राहिला, आईने वेचणीची एका दिवसाची मजुरी दिली होती. ज्याच्या संविधानाने मला या शाळेच्या बाकावर बसवलं त्याच्यासाठी वस्तीने पोटाला चिमटा काढून पैसे जमवले, लोकशाहीचं शिल्प म्हटलं की मला आधी तोच पुतळा आठवतो, मोठमोठे नंतर.

आता मी आश्रमशाळेत ड्रॉइंग शिकवतो. पावरा, भिल पोरं माती हातात आली की कुणाला विचारत नाहीत, सरळ बैल करतात, मोट्यार म्हणजे जवान गडी करतात, लाकडाची मोळी घेतलेली माय करतात. मी तोच मरिनाचा फोटो दाखवतो आणि तेच विचारतो, नावं सांगा. पोरं नावं सांगतात. आपल्या बापाची, काकाची.

एक विनंती आहे. माझी ती कापूसवाली दहावीपर्यंत तरी प्रयोगशाळेतल्या कपाटावर होती, उजवा हात मोडलेला होता. कपाटं हलवताना कुणाला दिसली तर फेकू नका, मला कळवा, मी घ्यायला येतो.